चार यंत्रं, चार ठिकाणं, बॅकअप एकाच ठिकाणी घ्यायचाय: ओढावा की ढकलायला सांगावा?

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:४०

मागच्या मंगळवारी साताऱ्याहून आईचा फोन. "तुझ्या त्या डबीचा हिरवा दिवा लागत नाहीये, दिवा लावताना लक्ष गेलं." डबी म्हणजे रास्पबेरी पाय ४, तळहाताएवढा संगणक. देवघराशेजारच्या फळीवर ठेवलाय.

रविवारी जाऊन पाहिलं. पायमधलं ३२ जीबीचं कार्ड गच्च भरलेलं. एसएसडीवर बाबांची स्कॅन केलेली कागदपत्रं आहेत, ती रोज रात्री ३ ला आरसिंकने (फाइली दुसरीकडे उतरवून ठेवणारा प्रोग्रॅम) यूएसबी डिस्कवर जातात, अशी माझी समजूत. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाइट गेली, परत आली, पण डिस्क काही जागी झाली नाही. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी) मीच 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी चालू हो, असं लिहून ठेवलेलं, त्यामुळे पाय बिनतक्रार सुरू झाला. पुढे चार महिने क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) इमानेइतबारे रिकाम्या माउंट पॉइंटमध्ये (डिस्क जिथे जोडली जाते ते फोल्डर), म्हणजे त्या कार्डावरच, बॅकअप ओतत राहिला. कार्ड भरलं तेव्हा मान टाकली. मूळ कागद शाबूत आहेत हे नशीब.

तर आता हा गावोगावचा कारभार बंद. पुण्यात एकच मशीन ठेवणार, तेच सगळ्यांचे बॅकअप सांभाळेल. माझा पसारा: कोथरूडला घरचा सर्व्हर (फोटो आणि फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, १.४ टीबी), साताऱ्याचा हा पाय, कोल्हापूरला मेव्हण्याच्या दवाखान्यातलं पेशंटच्या नोंदींचं मशीन (मारियाडीबी डेटाबेस, जेमतेम ६ जीबी), आणि जर्मनीत भाड्याने घेतलेला सर्व्हर (व्हीपीएस), त्यावर आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साइट आणि मेल.

प्रश्न असा: पुण्याच्या मशीनने प्रत्येकाकडे जाऊन डेटा ओढून आणावा, की प्रत्येकाने आपापला पाठवावा? आणि कशाने? सगळं लिनक्सच आहे. बजेट वीस हजार, त्यात डिस्क धरून.

कळीचा_नारद | शनिवार, रात्री ११:४४

ओढावा की ढकलावा! चटई टाकून बसलोय. शेंगदाणे आणलेत.

टर्मिनलकर | रविवार, सकाळी ७:१५

ओढावा. यात विचार करण्यासारखं काही नाही.

माझ्याकडे अकरा वर्षं आरस्नॅपशॉट चालू आहे, सात मशीनं. आतून आरसिंकच, वर पर्लचा एक पातळ थर. रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या ६ प्रती ठेवतो. दिसायला प्रत्येक प्रत पूर्ण, पण न बदललेल्या फाइलींचे फक्त हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलीची आणखी नावं, असतात. खोली एकच, दारं सतरा. एक दार काढलं तरी खोली पडत नाही, शेवटचं दार निघालं की मगच जागा मोकळी होते. परत आणायचं म्हणजे फोल्डर उघडून फाइल कॉपी करायची. कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. मी उद्या गचकलो तर मुलगा फाइल मॅनेजरमधूनसुद्धा काढू शकेल.

वेळापत्रक एका जागी, लॉग एका जागी, आणि गावोगावच्या मशीनवर फक्त एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) आणि आरसिंक लागतं, ते असतंच. कॉन्फिग फाइलमध्ये दोन शब्दांमध्ये टॅब द्या, स्पेस चालत नाही. पहिल्या दिवशी यावरूनच शिव्या द्याल.

पाणथळ | रविवार, दुपारी १:०२

टर्मिनलकरकाका, अकरा वर्षांना नमस्कार, पण पटत नाही.

तुमचं मध्यवर्ती मशीन सातही ठिकाणी रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून शिरतं ना? म्हणजे सात घरांच्या किल्ल्या एकाच खुंटीला. त्या एका मशीनमध्ये कोणी घुसला की सातही घरं त्याची, आणि बॅकअपही तिथेच. जे मशीन सगळ्यात सुरक्षित हवं तेच सगळ्यात मोठं सावज.

माझ्याकडे (नेदरलँड्स, घरी तीन मशीनं आणि आईकडे नाशिकला एक) उलटं आहे. प्रत्येक मशीन रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने आपला बॅकअप स्वतः एन्क्रिप्ट करून पाठवतं. घेणाऱ्या बाजूला त्याचाच रेस्ट-सर्व्हर 'अपेंड-ओन्ली' मोडमध्ये. पाठवणारा भर घालू शकतो, जुनं पुसू शकत नाही. दानपेटीसारखं. आईच्या मशीनमध्ये उद्या रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तरी पेटीतलं कालचं सुरक्षित.

शिवाय हार्डलिंकची खोली अख्खी फाइल धरते. ४ जीबीच्या फाइलमध्ये एक अक्षर बदललं की नवी ४ जीबी. फोटोंच्या फोल्डरचं नाव 'गोवा' चं 'गोवा डिसेंबर' केलं की सगळे फोटो पुन्हा. रेस्टिक, बॉर्ग हे प्रोग्रॅम फाइलीचे तुकडे पाडून जुळवतात, त्यांना नावाशी देणंघेणं नाही.

आणि दवाखान्याबद्दल: पेशंटच्या नोंदी तुमच्या कोथरूडच्या बेडरूममध्ये उघड्या पडणार आहेत का? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला, तरी मेव्हण्याच्या पेशंटांनी तुम्हाला काही परवानगी दिलेली नाही.

टर्मिनलकर | रविवार, दुपारी १:३०

दानपेटी छान. पण भरली की उघडणार कोण? जुने स्नॅपशॉट (एकेका वेळच्या प्रती) छाटायचे तर प्रूनला (छाटणीची आज्ञा) पूर्ण हक्क लागतात आणि पासवर्डही. तो मध्यवर्ती मशीनवर ठेवला की तुमच्या एन्क्रिप्शनचं काय उरलं?

आणि किल्ल्यांचं म्हणाल तर मी बिनडोक नाही. ऑथोराइज्ड-कीज मध्ये (कुठल्या किल्लीला आत सोडायचं ती यादी) त्या किल्लीपुढे 'रिस्ट्रिक्ट' आणि 'आरआरसिंक -आरओ' लिहिलंय. ती किल्ली फक्त ठरावीक फोल्डर वाचू शकते. शेल, म्हणजे आज्ञा चालवायची जागा, मिळत नाही, लिहिता येत नाही. किल्ली आहे, पण खिडकीतून बघण्यापुरती.

पाणथळ | रविवार, दुपारी २:१०

मान्य, छाटणीचा मुद्दा खरा. मी वर्षातून दोनदा हाताने छाटते, पासवर्ड समोर बसून टाइप करते, कुठे साठवत नाही. डिस्क स्वस्त आहे, घाई नाही. एक सावधगिरी: 'शेवटच्या १० ठेवा' असा नियम लावू नका. घुसलेला माणूस दहा रिकामे स्नॅपशॉट पाठवेल आणि छाटणी तुमच्याच हाताने खरे पुसेल. 'शेवटच्या वर्षभरातले ठेवा' असा काळाचा नियम लावा.

आरआरसिंकचंही मान्य. फक्त-वाच असलं तरी तो सगळं *वाचू* शकतो हे मात्र राहतंच.

कळीचा_नारद | रविवार, दुपारी २:१२

दोघं एकमेकांचं मान्य करायला लागले. शेंगदाणे वाया.

गाळवाला | रविवार, सायंकाळी ६:२०

ओढा नाहीतर ढकला, पण धागाकर्त्याच्या योजनेत १.४ टीबीचं मूळ कोथरूडला आणि त्याचा बॅकअपही कोथरूडला, हे कुणाला दिसलं नाही का?

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१. दुकानाचा सर्व्हर टेबलाखाली, बॅकअपची डिस्क त्याच खोलीत कपाटाच्या दुसऱ्या फळीवर. मला वाटायचं दुसरी फळी म्हणजे उंचावर. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर फळीवर चार बोटं गाळ आणि त्यात डिस्क. साध्या हार्डडिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, बाजूला 'हे झाकू नका' असं छापलेलंही असतं. तिथून पाणी आत. कानाशी धरून हलवली तर आत पाणी डुचमळत होतं.

वाचलं काय, तर डोंबिवलीला बहिणीकडे गणपतीला नेऊन विसरलेली अकरा महिन्यांपूर्वीची डिस्क. त्यावर दुकान परत उभं राहिलं. तेव्हापासून तीन प्रती, दोन तऱ्हेची माध्यमं, एक परगावी. ३-२-१ म्हणतात ते आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

आज्जीचा_नातू | रविवार, सायंकाळी ६:४५

गाळवाले, वाचून कसंतरी झालं.

अवांतर: आमची आज्जी कैरीच्या लोणच्याच्या तीन बरण्या भरायची. एक वापरायची, एक माळ्यावर, आणि एक लेकीकडे पाठवायची. "बुरशी एका घरात शिरली की सगळ्या बरण्यांना लागते" म्हणायची. सर्व्हर शब्द तिला माहीत नव्हता.

दोन_कट_एक_फुल | रविवार, रात्री ९:०५

एवढी यातायात कशाला? महिन्याला चार पैसे क्लाउडला फेका आणि झोपा.

घाटमाथा | रविवार, रात्री ९:३०

दोन_कट, फेकायला हरकत नाही, पण मार्चमध्ये २०२१ सालीच स्ट्रासबर्गला एक अख्खं डेटा सेंटर जळालं. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचे तेही गेले. क्लाउड म्हणजेही कुणाचं तरी कोथरूडच.

रात्रपाळी, तुमची खरी अडचण अजून यायचीय. साताऱ्याच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून दिसणारा पत्ता) आहे का? राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलाय. बाहेरून कोणी आत येऊच शकत नाही, ओढणार कुठून? ढकलायला मात्र काही अडचण नाही, कारण आतून बाहेर जाता येतं.

उपाय वायरगार्ड, मशीनमशीनमधला खासगी बोगदा (व्हीपीएन). जर्मनीच्या व्हीपीएसला पब्लिक पत्ता आहे, त्याला मधला करा. पाय, दवाखाना, पुणे तिघांनी त्याला जोडायचं, 'पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह' २५ सेकंद, म्हणजे वाट उघडी राहते. मग ओढा की ढकला, सारखंच.

फक्त गंमत बघा. साताऱ्याची फाइल खंबाटकी उतरून पुण्याला यायची ती फ्रँकफर्टमार्गे येणार. आयपीव्ही६ (नव्या तऱ्हेचे पत्ते, प्रत्येक मशीनला वेगळा) दोन्हीकडे मिळत असेल तर थेट जोडा, राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढं एक पोर्ट उघडून. टेलस्केलही (वायरगार्डवरच बांधलेली सेवा) जमेल तिथे थेट वाट काढतं.

रात्रपाळी | रविवार, रात्री १०:१५

बघितलं. १००.७२ आहे. अरे देवा.

गाळवाले, तुमचा मुद्दा वर्मी लागला. कोथरूडच्या डेटाची प्रत साताऱ्याला पाठवायची म्हणजे माझ्या ४० एमबीपीएसच्या अपलोडने १.४ टीबी. हिशोब केला: कुठेही न तुटता सव्वातीन दिवस.

घाटमाथा | रविवार, रात्री १०:२२

पहिली प्रत इथेच डिस्कवर भरा आणि स्वारगेटहून एसटीने घेऊन जा. तीन तासांत १.४ टीबी, म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट. लाल डब्याइतकी बँडविड्थ तुमच्या भागात कोणी देत नाही. नंतर रोज फक्त नवे फोटो जातील.

कळीचा_नारद | रविवार, रात्री १०:२५

लेटन्सी जरा जास्त आहे. मध्ये वडापावला थांबते.

मधुमालती | सोमवार, सकाळी ११:१०

सगळे रस्त्याबद्दल बोलताय, पोत्यात काय भरताय ते कोणीच बघत नाही.

मारियाडीबी चालू असताना तिचं डेटा फोल्डर आरसिंकने उचलू नका. आरसिंक पहिल्या फाइलपासून शेवटच्या फाइलपर्यंत जाईपर्यंत मधल्या फाइली बदललेल्या असतात. जे हाती येतं ते कोणत्याच एका क्षणाचं नसतं. दिसायला बॅकअप, उघडायला गेलं की रडारड.

आधी डंप, म्हणजे सगळा डेटा एका मजकुराच्या फाइलमध्ये. 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' लावून घ्या, म्हणजे नोंदी चालू असतानाही एका क्षणाचं चित्र मिळतं. पण हे इनोडीबी प्रकारच्या टेबलांनाच लागू. दवाखान्याचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर एखादं जुन्या मायआयसॅम प्रकारचं टेबल निघेलच, ते बघून बदलून घ्या. डंप झाल्यावर शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' आहे का तपासा. नसेल तर डिस्क भरली किंवा कनेक्शन तुटलं, आणि तुमच्याकडे अर्धा दवाखाना आहे.

डंप जीझिपने दाबून ठेवू नका. आत एक ओळ बदलली की तिथून पुढची अख्खी फाइल वेगळी दिसते, आरसिंकलाही आणि रेस्टिकलाही. साधा मजकूर ठेवा. रेस्टिक २०२२ पासून स्वतः दाबतं.

गिटलॅबची (प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी) गोष्ट माहीत असेलच. ३१ जानेवारी २०१७. एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जीबीतले साडेचार उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. डंप घेणारा पीजी-डंप ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा. रोज गपचूप फसत होता. फसल्याची मेल जात होती, पण सही नसल्यामुळे मेल सर्व्हर ती नाकारत होता. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून तरले. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्यांनी हे सगळं स्वतः जाहीर लिहिलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

टर्मिनलकर | सोमवार, दुपारी १२:००

मधुमालतीताईंना +१००. यावर मी भांडणार नाही.

उंबरठा | सोमवार, रात्री ८:४०

बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज कबुली द्यायला आलोय.

आमच्या हाउसिंग सोसायटीच्या कागदपत्रांचा सर्व्हर होता. मी आरसिंक '--डिलीट' लावून रोज बॅकअप घ्यायचो, म्हणजे मूळ जागी पुसलेली फाइल बॅकअपमधूनही जावी. एके दिवशी मूळ डिस्कची केबल सैल झाली. माउंट पॉइंट रिकामा. आरसिंकच्या दृष्टीने 'मालकाने सगळं पुसलं'. त्यानेही आज्ञाधारकपणे बॅकअपमधलं सगळं पुसलं. अकरा मिनिटांत. धागाकर्त्याच्या डिस्कने भरभरून घेतलं, माझ्या डिस्कने रिकामं केलं, रोग एकच.

केबल घट्ट बसवली तेव्हा मूळ डिस्क परत आली म्हणून मी अजून सोसायटीत राहतोय.

आता मूळ फोल्डरमध्ये 'मी_इथेच_आहे' नावाची एक रिकामी फाइल ठेवतो. स्क्रिप्ट आधी ती शोधते, नसेल तर पुढे जातच नाही. शिवाय '--मॅक्स-डिलीट' ला आकडा दिलाय, त्याहून जास्त फाइली तो पुसत नाही. रात्रपाळींच्या बाजूचा उपाय: डिस्क काढलेली असताना रिकाम्या माउंट पॉइंटवर 'चॅटर +आय' चालवा. मग डिस्क नसताना तिथे रूटलाही लिहिता येत नाही, आरसिंक लगेच बोंब मारतो.

पाणथळ | सोमवार, रात्री ९:१५

चॅटरची युक्ती माहीत नव्हती. आजच लावते.

बोंब मारण्यावरून: 'बॅकअप यशस्वी' अशी रोजची मेल लावू नका, आठवड्यात ती डोळ्यांना दिसेनाशी होते. उलटं करा. बॅकअप झाला की मशीनने एका ठिकाणी हाक द्यायची. ठरल्या वेळेत हाक *नाही* आली तरच तुमच्या फोनवर घंटा. मेलेलं मशीन 'मी मेलो' म्हणून मेल पाठवू शकत नाही.

बॅकबेंचर | मंगळवार, सकाळी १०:०५

बॅकअपपीसीचं नाव कोणीच घेतलं नाही? एका मशीनवरून अनेकांचे बॅकअप ओढायचे, एवढ्याच कामासाठी ते बनलंय. ब्राउझरमध्ये सगळी मशीनं एका पानावर, कोण किती दिवस मागे आहे ते दिसतं. दोन मशीनवर तीच फाइल असेल तर एकदाच साठवतो. मशीन बंद असेल तर नंतर परत येऊन बघतो. दिसायला जुनाट आहे, काम चोख.

टर्मिनलकर | मंगळवार, सकाळी १०:३०

वापरलंय. चांगलं आहे. पण त्याने साठवलेलं त्याच्याशिवाय वाचता येत नाही. माझा मुलगा फाइल मॅनेजरवाला आहे.

रात्रपाळी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:१०

उशीर झाला, पण काम करूनच आलोय.

पुण्याचं मध्यवर्ती मशीन: जुना ऑफिसचा छोटा डेस्कटॉप, ८ टीबीची एक डिस्क. साताऱ्याचा पाय आणि जर्मनीचा व्हीपीएस आरस्नॅपशॉटने ओढतो, आरआरसिंक फक्त-वाच, टर्मिनलकर म्हणाले तसं. टॅबवरून शिव्या देऊन झाल्या. दवाखाना रेस्टिकने ढकलतो, अपेंड-ओन्ली, पाणथळ म्हणाल्या तसं. त्याचा पासवर्ड माझ्याकडे नाही, नकोच आहे. एक मायआयसॅम टेबल खरंच निघालं, औषधांच्या साठ्याचं. फोटोंची प्रत रेस्टिकनेच साताऱ्याला, पहिली फेरी एसटीने. कंडक्टरने "डब्यात काय?" विचारलं, "फोटो" म्हटलं, त्याला ते काही पटलं नाही.

मग परत आणून बघितलं. व्हीपीएस ठीक, पाय ठीक. दवाखान्याला मेव्हण्याला फोन केला, "पासवर्ड सांग, समज मशीन जळालं." तो म्हणाला, "मशीनवरच एका फाइलमध्ये आहे, थांब उघडतो."

आता कागदावर लिहून दोन पाकिटं केलीत. एक ताईच्या लॉकरमध्ये, एक आईच्या गोदरेजच्या कपाटात चांदीच्या भांड्यांखाली. आईने त्यावर स्वतःच 'दवाखाना, उघडू नये' लिहिलंय.

एक मात्र सुटत नाहीये. दवाखान्याची हाक येतच नाही. रात्री ३ चा क्रॉन. लॉगमध्ये काहीच नाही, चूकही नाही. शेवटी परवा स्वतः कोल्हापूरला गेलो. रात्री नऊला कंपाउंडरकाका दवाखाना बंद करताना मेन स्विच पाडतात. तीस वर्षांची सवय.

मधुमालती | रविवार, रात्री ११:३०

क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर लावा, 'पर्सिस्टंट' खरं करून. चुकलेली वेळ मशीन सुरू झाल्यावर भरून काढतो. पण मेन स्विचने रोज अशी डेटाबेसची वीज तोडणं बरं नाही, तेवढं काकांना सांगाच.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी १०:५०

लावला. सकाळी साडेनऊला मशीन चालू झालं, बॅकअप सुरू झाला, आणि मेव्हण्याचा फोन: "पहिल्या पेशंटचं नाव टाकायला पाच मिनिटं लागली, काय केलंस?" आता दुपारी दोनची वेळ दिलीय, तेव्हा दवाखाना बंद असतो आणि स्विच चालू. काकांना सांगितलं, मशीन नीट बंद करून मगच स्विच. ते म्हणाले, "बघतो."

कळीचा_नारद | सोमवार, सकाळी १०:५५

काका दुपारी जेवायला जाताना काय करतात ते विचारलंत का?

रात्रपाळी | सोमवार, दुपारी २:२०

हाक आली नाही. विचारतो.